जुने वाडे, गोठे आणि कौलारू घरांचे छायाचित्रण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या छंदात नेमके कशाचे छायाचित्र काढायचे असते?

नक्षीदार खांबांच्या चौसोपी वाड्याचे छायाचित्र काढायला सगळेच धावतात. शेजारचा गोठा मात्र कोणी पाहत नाही. गुरांनी मान घासून गुळगुळीत केलेली गव्हाण, दावणीच्या दोराने खुंट्यावर पडलेली खाच, वैरणीच्या माळ्याकडे जाणारी शिडी, भिंतीत लपवलेले धान्याचे बळद, शेणामातीने लिंपलेली कणगी, गावची चावडी, मोटेची विहीर, शेतातली खोपी, गुऱ्हाळ, बंद पडलेला तेलघाणा हे सारे या छंदाचे विषय आहेत. माझ्या मते गोठ्यांची आणि कोठारांची छायाचित्रे अधिक निकडीची आहेत, कारण वाड्याला निदान वारसा म्हणणारे कोणीतरी भेटते, तर ट्रॅक्टर आल्यावर रिकामा झालेला गोठा एका दिवसात पाडला जातो आणि त्याची आठवणही कोणी काढत नाही.

सांगलीजवळच्या हरिपूरचे उदाहरण पाहावे. तिथे हळद साठवण्यासाठी जमिनीखाली खोदलेली पेवे होती. २००५ च्या महापुरात त्यांतील पुष्कळ पेवे निकामी झाली. वरून पाहणाऱ्याला फक्त एक लहानसे तोंड दिसते, त्यामुळे पेव हा छायाचित्रकाराच्या दृष्टीने अवघड विषय आहे. पण महाराष्ट्रातील धान्यसाठवणीची वास्तू शोधायची तर ती पुष्कळदा अशी पायाखालीच असते.

कॅमेरा कोणता घ्यावा?

हातात असेल तो. साधा मोबाइल पुरतो. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी एक मजबूत ट्रायपॉड आणि चांगली विजेरी घ्यावी, लेन्सचा विचार नंतर करावा.

सुरुवात कुठून करावी?

आपल्या आजोळापासून करावी. तिथे परवानगीचा प्रश्न सुटलेला असतो, कोणती खोली कशासाठी होती हे सांगणारे कोणीतरी असते आणि पुन्हा पुन्हा जाणे होते. हात बसण्यासाठी प्रसिद्ध ठिकाणेही उपयोगी पडतात. वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणविसांचा वाडा आणि त्यालगतचा कृष्णेचा घाट आहे, पारनेर तालुक्यातील पळशीच्या तटबंदीत लाकडी कोरीवकामाचा वाडा आहे, सासवडला पुरंदऱ्यांचा वाडा आहे आणि रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड येथे केशवसुतांचे जन्मघर स्मारक म्हणून जपलेले आहे. अशा ठिकाणी इतरांनी काढलेली शेकडो छायाचित्रे आधीच उपलब्ध असल्यामुळे आपले चित्र त्यांच्याशी ताडून पाहता येते, हा शिकणाऱ्याचा मोठा फायदा आहे.

प्रदेशागणिक घरे कशी बदलतात, आणि त्यामुळे छायाचित्रणात काय फरक पडतो?

पाऊस, माती आणि हाताशी असलेले लाकूड यांनी घर ठरते. कोकणात चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत आणि उतरते कौलारू छप्पर असते; छपराची पाखे इतकी खाली उतरलेली असतात की पडवीत उभे राहून बाहेर पाहिले तर चौकटीचा वरचा भाग काळा येतो आणि अंगण पांढरेफटक पडते. तिथे एक गंमत ध्यानात ठेवावी. रत्नागिरीकडच्या अनेक गावांत गोठ्यालाच वाडा म्हणतात, तेव्हा ‘इथे जुना वाडा आहे का?’ असे विचारल्यास कोणी तुम्हाला मोठ्या आपुलकीने गुरांकडे नेले तर चूक त्याची नाही. सिंधुदुर्गात मांगर हा शब्द ऐकू येतो. शेतात किंवा घरापासून थोडे दूर बांधलेली ही इमारत गुरे, गवत आणि अवजारे यांच्यासाठी असते, आणि आमच्या छंदाला याहून चांगला विषय नाही.

घाटमाथ्यावरच्या वाड्यावस्त्यांवर कारवीच्या काठ्यांचा कूड घालून त्यावर शेणमातीचा लेप दिलेल्या भिंती अजून सापडतात. लेप जिथे सुटतो तिथे आतली कारवी फासळ्यांसारखी दिसते. तिरप्या उन्हात ती जागा जवळून टिपावी. विदर्भात कौलांना कवेलू म्हणतात, आणि खानदेशाकडे वळले की मातीच्या सपाट छपराची धाब्याची घरे लागतात. विदर्भात आणि मराठवाड्यात पांढऱ्या मातीच्या गढ्या आहेत. त्यांचे बुरूज दर पावसाळ्यात थोडे थोडे विरघळतात, म्हणून एकाच जागेवरून दर वर्षी काढलेले चित्र तिथे फार बोलके ठरते.

सोलापूर आणि मराठवाड्यातील माळवद हा स्वतंत्र विषय आहे. खांबांवर तुळया, तुळयांवर किलचन, म्हणजे लाकडी पट्ट्यांचा थर, आणि त्यावर मातीचा जाड थर अशी ती रचना असते. उजेडासाठी आणि धुरासाठी छताला गोल भोक ठेवतात, त्याला साणे किंवा सवणे म्हणतात. दुपारी त्यातून उतरलेला उन्हाचा कवडसा सारवलेल्या जमिनीवर पडतो, हळूहळू भिंतीवर चढतो आणि चुलीचा धूर असेल तर त्याचा खांबच उभा राहतो. अर्धा तास शांत बसून राहण्याची तयारी असेल तर एका खोलीत पाच वेगळी चित्रे मिळतात. मात्र तिथल्या माणसांसमोर माळवदाचे कौतुक जपून करावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि हीच जड छपरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो माणसे दगावली. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या अनेकांना माळवद पाहिले की तीच पहाट आठवते.

वर्षातला कोणता काळ चांगला?

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत हवा स्वच्छ असते, सूर्य खालून जातो आणि ओसरीत खोलवर ऊन शिरते. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवरच असतो. उलट मे महिन्याच्या मध्यावर तो बरोबर डोक्यावर येतो; त्या दिवसांत छपराची सावली सरळ खाली पडते आणि वळचणीखालचे सारे कोरीवकाम अंधारात बुडते.

तरीही मे सोडू नये, कारण कोकणात तो शाकारणीचा महिना आहे. पावसाआधी कौले उतरवून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा रचली जातात. दोन माणसे आढ्याजवळ, एक शिडीवर आणि घरातली मुले खाली अंगणात अशी कौलांची साखळी लागते. त्याच वेळी आत माजघरात जाऊन वर पाहिले तर एरवी काळोखात असणारे वासे आणि रिपा उघड्या आकाशासमोर पट्ट्यापट्ट्यांनी दिसतात, आणि वर्षभर ज्या देवळीवर उजेड पडला नाही तिच्यावर तासभर ऊन असते. हे दृश्य वर्षातून एकदाच मिळते आणि काम सुरू झाले की पाहता पाहता संपते. आदल्या दिवशी घरमालकांना फोन करून वेळ विचारून ठेवावी.

पावसाळ्यात भिंतींवर शेवाळ येते, गडग्यांवर नेची फुटतात, पडव्यांना झापांच्या झडी लागतात. चित्रे सुंदर येतात, पण लेन्सला बुरशीही येते, म्हणून कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा. बैलपोळा, बेंदूर आणि वसुबारस या दिवशी गोठे स्वच्छ करून सजवलेले असतात. त्या दिवशी गेलात तर छायाचित्रकार म्हणून वावरण्याआधी पाहुणे म्हणून वागावे.

दिवसातली कोणती वेळ?

पुष्कळ वाड्यांचे दरवाजे पूर्वेला असतात, त्यामुळे दर्शनी बाजू सकाळी उजळते. आधी एक फेरी मारून दिशा पाहून घ्यावी हे उत्तम. तिरपे ऊन दगडाचा आणि मातीचा पोत दाखवते, ढगाळ उजेड मात्र आकार दाखवतो. बेर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन दांपत्याने १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, कोळशाच्या खाणींवरचे मनोरे आणि लाकडी चौकटींची घरे यांची छायाचित्रे काढली, ती मुद्दाम ढगाळ दिवशी आणि शक्यतो समोरून. त्यामुळे एकाच प्रकारच्या वास्तू शेजारी शेजारी मांडल्या की त्यांतले बारीक फरक आपोआप डोळ्यांत भरतात. एका तालुक्यातले २० गोठे असेच समोरून, सारख्या अंतरावरून आणि सारख्या उजेडात टिपून पाहावेत. एकट्या चित्रात जे कळत नाही ते त्या २० चित्रांत कळते.

आत अंधार आणि चौकात लख्ख उजेड, अशा वेळी काय करावे?

फ्लॅश मारू नये. माजघराचा अंधार हाच त्या खोलीचा स्वभाव असतो. फ्लॅशने तिचे पोलीस पंचनाम्यातले छायाचित्र होते. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, १०० किंवा २०० वर ठेवून शटर सेकंद-दोन सेकंद उघडे राहू द्यावे. चौक आणि सोपा दोन्ही हवे असतील तर एकाच जागेवरून कमी, मध्यम आणि जास्त उजेडाची तीन चित्रे काढून नंतर जोडता येतात, पण जोडताना सावल्या पार पुसून टाकू नयेत. मोबाइल असेल तर तो खांबाला किंवा कोनाड्यात टेकवून टायमर लावावा. घरातला पिवळा दिवा पेटलेला असेल तर मालकांना विचारून तो बंद करावा, कारण पिवळा दिवा आणि दारातून येणारा निळसर उजेड यांचे मिश्रण नंतर दुरुस्त करताना फार त्रास देते.

भिंती मागे कलंडलेल्या का दिसतात?

कॅमेरा वर उचलला म्हणून. तो जमिनीशी समांतर ठेवावा, पडद्यावरच्या जाळीच्या रेषा सुरू कराव्यात आणि उंची मावत नसेल तर मागे सरकावे किंवा समोरच्या घराच्या माळ्यावरून चित्र घ्यावे. मोबाइलची अतिरुंद लेन्स कडांचे खांब ताणते; अगदी नाइलाज असेल तरच ती वापरावी. काही भिंती मात्र खरोखरच कललेल्या असतात. त्या संगणकावर सरळ करून टाकू नयेत.

परवानगी कोणाची घ्यायची?

सार्वजनिक रस्त्यावरून दिसणारी दर्शनी बाजू टिपायला सहसा अडचण येत नाही. तरी कॅमेरा काढण्याआधी दारातल्या माणसाला रामराम घालावा. आत जायचे तर परवानगी हवीच, आणि इथे भाऊबंदकी आडवी येते. जुन्या वाड्याला बहुधा एक मालक नसतो, हिस्सेदार असतात. एका गावी धाकट्या भावाने मला हौसेने सगळा वाडा दाखवला, आणि चौकात ट्रायपॉड उभा करताच थोरल्या घरच्या वहिनी बाहेर येऊन म्हणाल्या, “आमच्या वाटणीच्या सोप्याचा फोटो काढायचा नाही. कोर्टात केस चालू आहे.” मी ट्रायपॉड मिटला, चहा घेतला आणि निघालो. दोन वर्षांनी वहिनींनीच बोलावले, कारण वाटणीची भिंत घालायच्या आधी त्यांना अख्ख्या चौकाचे एक चित्र हवे होते.

‘तुम्ही मोजणीवाले का?’ हा प्रश्न जवळपास प्रत्येक गावात येतो. टेप, वही आणि ट्रायपॉड घेऊन फिरणाऱ्या परक्या माणसाचा जमिनीच्या व्यवहाराशी संबंध असणार, असे गावाला वाटणे अगदी स्वाभाविक आहे. ओळखीच्या माणसाबरोबर जावे, आपले काम सोप्या शब्दांत सांगावे, मागच्या गावात काढलेली चार छापील चित्रे दाखवावीत. चपला उंबऱ्याबाहेर काढाव्यात. देवघर आणि स्वयंपाकघर बोलावल्याशिवाय ओलांडू नये. काढलेल्या चित्राची छापील प्रत पुढच्या खेपेस नेऊन द्यायला विसरू नये. मोबाइलवर पाठवलेले चित्र हरवते, छापील चित्र ओटीवर लागते.

केंद्राच्या १९५८ च्या किंवा राज्याच्या १९६० च्या कायद्याखाली संरक्षित असलेल्या वास्तूंत ट्रायपॉड किंवा दिवे लावण्यासाठी पुरातत्त्व खात्याची आगाऊ परवानगी घ्यावी.

चित्रात माणसे असावीत का?

असावीत, विचारून. दारात बसलेल्या आजींमुळे दाराची उंची कळते आणि ते दार कोणाचे आहे तेही कळते. मात्र त्यांना ‘जुन्या काळातल्यासारखे’ दिसण्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची किंवा डिशची छत्री बाजूला सारायला लावू नये. ती खुर्चीही आजच्या घराचा भाग आहे.

पडक्या वास्तूत शिरणे सुरक्षित आहे का?

नाही. लाकडी माळा वरून धड दिसतो आणि खालून वाळवीने पोखरलेला असतो. अशा माळ्यावर चढूच नये. दगडांच्या सांदीत आणि पडलेल्या कौलांखाली घोणस, मण्यार, फुरसे असू शकते, म्हणून बूट घालावेत, काठी आपटत जावे आणि विजेरीने पाहिल्याशिवाय कोनाड्यात हात घालू नये. साप चावल्यास गाठी बांधणे, चिरणे यात वेळ न घालवता माणसाला हालचाल न करता ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आग्या मोहोळ दिसले तर आवाज न करता परत फिरावे. पेवात कधीही उतरू नये आणि त्याच्या तोंडातून डोके आत घालून पाहू नये. बंद पेवातली हवा जीवघेणी असू शकते. एकट्याने जाऊ नये.

वास्तूचे वय कसे ओळखावे?

‘तीनशे वर्षे जुना’ हे उत्तर सर्वत्र मिळते. ते आदराने ऐकावे आणि वहीत घरच्यांचे सांगणे म्हणून लिहावे. दरवाजावर किंवा तुळईवर शक कोरलेला असेल तर त्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, फक्त जानेवारी ते गुढीपाडवा या काळातील तिथी असेल तर ७९ मिळवावे लागतात. कौलेही बोलतात. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरजवळ जेप्पू येथे काढला, तेव्हा तशी कौले असलेले छप्पर त्याहून जुने असू शकत नाही; घर मात्र असू शकते, कारण नळीची कौले काढून मंगळुरी कौले घालण्याची चाल पुढे सर्वदूर पसरली. शाकारणीच्या वेळी उतरवलेले कौल उलटे करून पाहावे. त्यावर बहुधा कारखान्याचे आणि गावाचे नाव ठशाने उमटलेले असते, कधी एखादे चिन्हही असते. त्या ठशाचे, बोटभर अंतरावरून, तिरप्या उजेडात चित्र घ्यावे.

नोंद काय आणि कशी ठेवावी?

हा भाग बहुतेक जण टाळतात आणि पाच वर्षांनी पस्तावतात. प्रत्येक वास्तूची आधी चारही बाजूंची चित्रे, मग आतल्या खोल्या क्रमाने आणि शेवटी कडी-कोयंडा, दार आतून अडवण्याचा आडणा, जोते, खांबाची तळखडी असे तपशील घ्यावेत. तपशिलाच्या चित्रात पट्टी किंवा टेप ठेवावा, म्हणजे माप कळते. वहीत गाव, तालुका, तारीख, कॅमेऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला होते आणि त्या भागाला घरची माणसे काय म्हणतात हे लिहावे. शब्द त्यांचाच असावा. आपण ‘स्टोअर रूम’ लिहिले आणि त्या घरात ती बळदाची खोली असेल, तर चित्र राहते आणि शब्द जातो. आजोबांच्या परवानगीने पाच मिनिटांचे ध्वनिमुद्रण करून ठेवले तर फारच चांगले.

फाइलचे नाव वर्ष-महिना-दिवस, मग गाव, मग भाग अशा क्रमाने द्यावे. प्रती तीन कराव्यात, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी ठेवावी.

ड्रोन वापरता येतो का?

वाड्याची मांडणी वरून छान कळते, हे खरे. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला, तसेच हौसेसाठी उडवायच्या दोन किलोपर्यंतच्या ड्रोनला वैमानिक परवाना लागत नाही, पण उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर ती जागा लाल (उड्डाणबंदीच्या) किंवा पिवळ्या (परवानगी लागणाऱ्या) क्षेत्रात नाही ना, हे तपासावे. कायद्याइतकाच शेजाऱ्यांच्या परसदाराचाही विचार करावा. गोठ्यावर तर ड्रोन नेऊच नये. गुरे बिथरतात आणि दावे तोडतात.

चित्राबरोबर ठिकाण जाहीर करावे का?

कोणी राहत नसलेल्या वाड्याचे करू नये. कोरीव खांब, दरवाजे, गणेशपट्ट्या, पितळी कड्या यांना जुन्या वस्तूंच्या बाजारात मोठी किंमत येते आणि रिकाम्या वाड्यांतून त्या चोरीला जातात. तालुक्यापर्यंत नाव द्यावे, अचूक अक्षांश-रेखांश आपल्या वहीत ठेवावेत. मोबाइल चित्रात आपोआप ठिकाण नोंदवतो, ते प्रसिद्ध करण्याआधी काढून टाकावे.

चित्रावर हक्क कोणाचा?

काढणाऱ्याचा. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार वास्तूचे छायाचित्र काढणे किंवा प्रसिद्ध करणे हा वास्तुरचनेच्या हक्काचा भंग ठरत नाही. घराच्या आतली चित्रे मात्र घरच्यांना विचारल्याशिवाय प्रसिद्ध करू नयेत. चित्रे इतरांच्या उपयोगी पडावीत असे वाटत असेल तर मुक्त परवान्याखाली विकिमीडिया कॉमन्सवर ठेवता येतात. मराठी वर्णनासह ठेवावीत.

रंगीत की कृष्णधवल?

रंगीत. कृष्णधवल चित्र जुन्या वास्तूला उगाच उदास करते, आणि हिरमुजी, गेरू, निळीचा चुना, शेणाचे सारवण हे रंग एकदा गेले की कोणाला सांगून कळत नाहीत.

वास्तू पाडणार असल्याचे कळले तर काय करावे?

त्याच आठवड्यात जावे, आणि पाडताना पुन्हा जावे. मालकांना उपदेश करू नये; गळके छप्पर आणि बाळंतीण सून घरात असताना पक्के घर बांधणाऱ्याला दोष देण्याचा आपल्याला अधिकार नाही. पाडकामात एरवी न दिसणाऱ्या गोष्टी उघड्या पडतात. भिंतीच्या पोटातली माती आणि भर, तुळईचे टोक खांबाच्या खाचेत कसे बसवले होते ती सांधणी, कधी कधी सुताराने लाकडावर घातलेल्या खुणा. काम करणाऱ्या गवंड्याला आणि सुताराला विचारावे, कारण लाकूड उलगडताना त्यांना जे कळते ते पुस्तकात मिळत नाही. उतरवलेले सागवान कुठे जाते तेही लिहून ठेवावे. माझ्या वहीतल्या एका वाड्याचे दोन खांब आता शेजारच्याच मळ्यात आहेत. त्यांच्यावर पत्रा टाकला आहे आणि खाली म्हैस बांधलेली असते.